मागून आणलेली अबोली

शिरोड्याला माझ्या आजोळी गडग्याला लागून अबोलीची लांबच लांब रांग होती आणि तिच्यातलं एकही झाड विकत आणलेलं नव्हतं. काही रोपं आजीच्या माहेरची, शेजारच्या आरवली गावातली. काही वाडीतल्या काकींच्या परसातली. पिवळी अबोली त्या वेळीही क्वचितच दिसायची; ती एका मावशीने सासरहून, पेडण्याकडून, ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती. आजी झाडांची ओळख माणसांवरून करून द्यायची. ही आरवलीची, ही काकींची, ही मावशीची. बाजारातून रोप आणावं असं कोणी सुचवलं असतं तर तिला ते उमगलंच नसतं. "झाडां कोण इकत घेता काय गो?" असं ती एकदा खरंच म्हणाली होती आणि तिच्या आवाजात निव्वळ नवल होतं.

आता मी मुळशी तालुक्यातल्या जांबे गावात राहते. हिंजवडी, मारुंजी, नेरे यांच्या शेजारचं हे गाव. इथे माझ्या गॅलरीत आणि सोसायटीच्या कडेच्या वाफ्यात अबोली आहे, तितकीच शेंदरी, तितकीच तजेलदार. पण ती आली कशी, रुजली कशी आणि इथून पुढे कोणाकडे जाते, हे सगळं बदललं आहे. त्याबद्दलच मला लिहायचं आहे. अबोलीच्या बाबतीत आपण जे हरवलं ते फुलापेक्षा मोठं आहे आणि ते परत मिळवता येण्याजोगं आहे, असं मला मनापासून वाटतं.

शिरोडं हे वेंगुर्ले तालुक्यातलं, गोव्याच्या हद्दीपासून थोड्याच अंतरावरचं किनाऱ्यावरचं गाव. १९३०च्या मिठाच्या सत्याग्रहामुळे आणि वि. स. खांडेकर इथल्या शाळेत शिक्षक होते म्हणून त्याचं नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे. आम्हा मुलांसाठी शिरोडं म्हणजे मिठागरं, समुद्रकाठची पुळण, आरवलीच्या वेतोबाला वाहिलेल्या भल्याथोरल्या चपला आणि केळ्यांचे घड, आणि मे महिन्याची सुट्टी. आजोळचं घर समुद्रापासून फार लांब नव्हतं. खारा वारा अबोलीला मानवत नाही, म्हणून तिची जागा ठरलेली होती: चिऱ्याच्या गडग्याच्या आतल्या बाजूला, माडांच्या विरळ सावलीत, बावीपासून जवळ. गडगा वारा अडवायचा, माड दुपारचं ऊन चाळून द्यायचे आणि बावीवर सांडलेलं पाणी पाटाने तिच्या बुडाशी यायचं. जागा निवडण्याची ही अक्कल कुठल्या पुस्तकातून आली नव्हती. आजीच्या सासूने तिथेच लावली होती, तिच्याही सासूने तिथेच.

दक्षिण भारत आणि श्रीलंका ही अबोलीची मायभूमी. हात-दीड हात उंचीचं, बारमाही हिरवं झुडूप, काळसर चकचकीत, कडेला किंचित लहरी पानं. फांदीच्या टोकाला हिरव्या छदांची ताठ कणसं येतात आणि त्या कणसाच्या बुडापासून टोकाकडे रोज थोडी थोडी फुलं उमलत जातात. फुलाची नळी सुताएवढी बारीक आणि पुढे पाच भागांचा पसरट पदर, सगळा एका बाजूला कललेला. वास नाही. पण उन्हाळ्यातही खुडलेलं फूल दुसऱ्या दिवशीपर्यंत मान टाकत नाही. आज सकाळी माळलेला गजरा उद्या सकाळीही बघण्यासारखा असतो, हे भाग्य जाईला नाही, मोगऱ्यालाही नाही. म्हणून गोव्यापासून कारवारपर्यंत आणि खाली तमिळनाडूपर्यंत बायकांच्या केसांत अबोली पिढ्यान्‌पिढ्या राहिली.

तेव्हाची अबोली बियांची होती. फुलं झडून गेली की कणीस तपकिरी व्हायचं आणि छदांच्या आड लांबट बोंडं पिकायची. एका बोंडात साधारण चार बिया. ही बोंडं वाळली की पाण्याची वाट बघत बसतात. मे महिन्याच्या दुपारी आजी सुकलेली कणसं परडीत काढायची, आम्हाला पडवीत बसवायची आणि एकेक बोंड तळहातावर द्यायची. वर पाण्याचा थेंब सोडायचा आणि थांबायचं. आमचा धीर सुटायचा. ती म्हणायची, "घाई करू नको. पाणी लागला काय ता आपसूक फुटतला. तू नुसता बग." आणि मग नखाने टिचकी मारावी तसा आवाज होऊन बोंड उकलायचं, बिया पडवीच्या दुसऱ्या टोकाला उडायच्या.

ही गंमत नुसती नव्हती. सुकताना बोंडाच्या भिंतींमध्ये ताण साठतो. पाण्याने जोड सैल झाला की दोन्ही शकलं झटक्यात वेगळी होतात आणि आतल्या आकड्यांसारख्या देठांवर बसलेल्या बिया दूर फेकल्या जातात. बी उडतं ते नेमकं पाऊस पडताना, म्हणजे ओल्या मातीत जाऊन पडतं. बियांच्या अंगावर बारीक खवले असतात. ओले झाले की ते बुळबुळीत होतात आणि बी मातीला चिकटून राहतं. ज्या झाडाचं बी वारा वाहून नेत नाही, पाखरं खाऊन नेत नाहीत, त्याने आपल्या लेकरांची केलेली ही सोय आहे. मृगाचा पहिला पाऊस झाला की आजीच्या रांगेपासून दोन-तीन हातांवर, पाटाच्या कडेला, माडाच्या आळ्यात, पायरीच्या फटीतसुद्धा अबोलीची इवली रोपं दिसू लागायची.

या आपोआप आलेल्या रोपांवरच सगळा व्यवहार चालायचा. आजी ती लगेच उपटत नसे. तीन-चार जोड्या पानं आली, आषाढाचा जोर ओसरला, की श्रावणात एखाद्या उघडीपीच्या संध्याकाळी ती करवंटीचा तुकडा घेऊन बसायची आणि मुळांभोवतीची माती न मोडता रोपं काढायची. त्यातली बरी बरी दोन-चार आपल्या रांगेतल्या रिकाम्या जागी. बाकीची केळीच्या सोपटात गुंडाळून पडवीच्या कोपऱ्यात ओळीने ठेवलेली असायची. आली-गेली कोणीही बाई त्यातलं एक उचलून न्यायची. नागपंचमीला आलेली माहेरवाशीण, मासळी घेऊन येणारी मावशी, गणपतीला मुंबईहून आलेल्या जाऊबाई. "मागान हाडलेला झाड बरा धरता," असा आजीचा ठाम विश्वास होता, म्हणून मागायला कोणी लाजत नसे आणि द्यायला कोणी हात आखडत नसे. श्रावणात लावलेलं रोप दिवाळीच्या सुमारास पहिलं कणीस काढायचं आणि शिमग्यापर्यंत रांग भरून फुलायची.

खुडणं एक दिवसाआड. कणसावरची उमललेली फुलं उन्हं तापायच्या आत, दोन बोटांनी हलकेच ओढून काढायची. कणीस मोडायचं नाही, कारण उद्याची फुलं त्यातच असतात. अबोलीच्या फुलाला वजन असं नसतंच. एक किलो भरायला सुमारे पंधरा हजार फुलं लागतात, असं फुलशेतीची माणसं सांगतात. आमची टोपली भरलेली दिसायची आणि उचलली की हातात काही आहे असं वाटायचं नाही. मग वळेसर, म्हणजे फुलांच्या वेण्या, करायला बसायचं. केळीच्या सोपटाचे दोर भिजवून, हिराने चिरून बारीक केलेले. दोन फुलं या तोंडाला, दोन त्या तोंडाला, मध्ये दोराची फास. आजीची बोटं बघताना कुठे गाठ पडली ते कळायचं नाही. अबोलीला वास नाही म्हणून मध्ये मरव्याची काडी घालायची. आणि त्या टापूत चैत्राच्या आसपास सुरंगी फुलायची, तेव्हा एका वेणीत अबोलीचा रंग आणि सुरंगीचा घमघमाट, असं दोन्ही असायचं.

आता जांब्याचं सांगते. मी इथे आले तेव्हा गावाच्या कडेला अजून ऊस उभा होता, भातखाचरं होती. कासारसाईच्या संत तुकाराम साखर कारखान्याकडे जाणाऱ्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर हंगामात रस्ता अडवायचे. हिंजवडीचं आयटी पार्क वाढत गेलं, तशा इमारती मारुंजीवरून पुढे सरकत जांब्यापर्यंत आल्या. ही गावं पिंपरी-चिंचवड महापालिकेत घ्यायची की नाही, याची चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे. नव्या सोसायट्यांच्या बागा एकाच धर्तीच्या: कापून चौकोनी केलेलं डुरांटाचं कुंपण, रंगीत पानांचं अकॅलिफा, हिरवळीचा तुकडा. बी धरेल, रोप होईल, असं त्यात फारसं काही नसतं. कुंपण वाढलं की यंत्राने कापायचं, मेलं की कंत्राटदाराने बदलायचं.

अबोली इथे मिळते, नर्सरीत. काळ्या पिशवीत, भुसभुशीत कोकोपीटमध्ये, ऐन फुलावर असलेली. ती बहुधा असते 'दिल्ली अबोली'. फुलं देशीपेक्षा मोठी, रंग गडद, कणीस भरदार. या जातीत गुणसूत्रांचे तीन संच असतात आणि म्हणून ती बी धरत नाही. कितीही फुलली तरी तिचं बोंड पिकत नाही, पहिल्या पावसात तिच्याभोवती रोपं उठत नाहीत. ती वाढवायची तर फांदी लावूनच. बंगळूरजवळच्या हेसरघट्टा इथल्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने 'अर्का अंबरा', 'अर्का कनका', 'अर्का श्रीया' अशा सरस जाती काढल्या आहेत. कर्नाटक, तमिळनाडू, आंध्र इथले शेतकरी अबोलीची शेती करतात. पुण्याच्या बाजारात मोगऱ्याच्या गजऱ्यात गुंफलेली शेंदरी फुलं दिसतात, ती दक्षिणेतल्या गजऱ्याची चाल घेऊन आलेली असतात. तिकडे युरोपात 'मोना वॉलहेड' नावाची बुटकी, गर्द पानांची अबोली खिडकीतल्या कुंडीत वाढवतात. झाड जगभर पोचलं आहे. माझ्या लहानपणी एवढं ज्ञान, एवढे प्रकार कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

पण जांब्याची जमीन कोकणची नाही. शिरोड्याला पायाखाली जांभा. त्याची माती लाल, आंबटसर, लोहाने भरलेली. इथे बेसाल्टचा मुरूम आणि त्यावर काळी, चुनखडीची माती. अबोलीला आंबट माती लागते. अल्कधर्मी मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. मग कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. त्यात बोअरचं जड पाणी. कुंडीच्या काठावर पांढरे क्षार चढताना दिसतात. आजीला यातलं काहीच सांभाळावं लागलं नाही. मातीच तिच्या बाजूने होती. इथे ते हाताने करावं लागतं: लाल माती, कुजलेलं शेणखत, पानांचं खत आणि थोडी वाळू असं मिश्रण, पावसाचं पाणी पिंपात साठवून तेच शक्यतो देणं, आणि पानं पिवळी दिसली तर चिमूटभर हिराकस पाण्यात विरघळवून. एवढं केलं की ती तक्रार करत नाही.

दुसरा फरक थंडीचा. शिरोड्याला पौषातही अबोली फुलायची. जांब्याला डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा दहा-बाराच्या खाली येतो तेव्हा ती थबकते. नवं कणीस येत नाही, पानांवर तांबूस छटा येते. त्या दिवसांत पाणी कमी करायचं, खत द्यायचं नाही, कुंडी भिंतीलगत सरकवायची. फेब्रुवारीच्या अखेरीस जुन्या फांद्या वरून तिसरा हिस्सा छाटल्या की नवी फूट येते आणि उन्हाळाभर फुलं मिळतात. गॅलरी पूर्वेची असेल तर उत्तम. सकाळचं ऊन आणि दुपारची सावली, म्हणजे माडाखाली मिळायची तीच सोय.

तिसरी गोष्ट रोगाची, आणि ती तेव्हाही होती. अबोलीच्या मुळांना सूत्रकृमी लागतात, डोळ्यांना न दिसणारे. मुळं काळी पडतात, पानं बारीक होतात आणि त्याच जखमांतून मर रोगाची बुरशी शिरली की उभं झाड वाळून जातं. एका वर्षी शिरोड्याची रांग अशीच गेली. आदल्या शिमग्याला भरून फुललेली, आणि पुढच्या दसऱ्याला अर्ध्याहून अधिक झाडांच्या काटक्या. मला रडू आलं होतं. आजीने काटक्या उपटून जाळल्या. उन्हाळ्यात, भाताच्या तरव्याची जमीन भाजतात त्याप्रमाणे, त्या पट्ट्यावर पालापाचोळा टाकून जमीन भाजून काढली. त्या पावसाळ्यात तिथे झेंडू लावला. झेंडूच्या मुळांतली द्रव्यं सूत्रकृमींना मारतात, हे शास्त्र आज कृषी विद्यापीठं सांगतात. आजी ते रीत म्हणून करत होती. आणि पुढच्या श्रावणात ती आरवलीला गेली, काकींकडे गेली, मासळीवाल्या मावशींना निरोप धाडला. जिला जिला रोप दिलं होतं, तिच्याकडून एकेक परत आलं. पेडण्याची पिवळीसुद्धा आली, कारण मावशीच्या नणंदेने ती राखून ठेवली होती. वर्षभरात रांग पुन्हा उभी राहिली.

त्या वेळी मला ते साधंच वाटलं. आज जांब्यात बसून विचार करते तेव्हा त्याचा अर्थ दिसतो. आजीची अबोली आजीच्या परसात नव्हतीच, ती पंचवीस घरांच्या परसांत विखुरलेली होती. एका घरची मेली तरी बाकीच्या घरी जिवंत. देणं हा नुसता चांगुलपणा नव्हता. झाड टिकवण्याची ती पद्धत होती, आणि कोणालाही न सांगता, न ठरवता ती चालू होती, कारण झाडच दर पावसाला द्यायला भरपूर रोपं काढून ठेवत होतं. आता आपली कुंडी वाळली की आपण नर्सरीत जाऊन नवी आणतो. ती कोणाकडून आली ते ठाऊक नसतं आणि आपल्याकडून कोणाकडे गेलेली नसते.

जांब्याच्या मूळ गावठाणातही हीच रीत होती, हे मला इथल्या एका आजींनी सांगितलं. त्यांच्या दारात तुळशीशेजारी पिवळी कोरांटी आहे, गुलबक्षी आहे. "आमच्या वक्ताला फुलं इकत कोन आनायचं? कोरांटीची काडी मागायची अन् पावसात खवायची," असं त्या म्हणाल्या. मला फार आनंद झाला, कारण कोरांटी आणि अबोली एकाच कुळातल्या. अडुळसाही त्यातलाच. मुळशीच्या डोंगरांवर सात-आठ वर्षांनी एकदा जांभळी उधळण करणारी कारवीही त्यातलीच. तिचीही वाळलेली बोंडं पाणी लागलं की तडतडून फुटतात. म्हणजे मी कोकणातून आणलेली ही पाहुणी इथे परकी नाही. तिची भावंडं या मातीत आधीपासून नांदत आहेत.

त्या आजींनीच सोसायटीतल्या आम्हा बायकांना रोपांची अशी देवाणघेवाण सुरू करायला धीर दिला. बी धरणारी देशी अबोली मी शिरोड्याहून आणली आणि ती कुंपणाच्या आतल्या कडेला, डुरांटा काढून केलेल्या वाफ्यात लावली. दिल्ली अबोली ज्यांच्याकडे होती त्यांनी फांद्या द्यायच्या असं ठरलं. फांदी लावण्याची कृती मी इथे सविस्तर देते, कारण हल्ली हेच नेमकं हातातून गेलं आहे.

जून-जुलैचे दिवस निवडावेत. फार कोवळी नाही आणि फार जुनीही नाही अशी, टोकाकडची आठ-दहा सेंटिमीटरची फांदी घ्यावी. धारदार कात्रीने पेराच्या जरा खाली कापावी. कणीस असेल तर काढून टाकावं. मुळं फुटायच्या वेळी झाडाची ताकद फुलांत जायला नको. खालची पानं काढावीत, वरची दोन ठेवावीत आणि तीही मोठी असतील तर अर्धी कापावीत, म्हणजे पाणी कमी उडतं. बाजारात रूटिंग पावडर मिळते, ती टोकाला लावली तर मुळं लवकर आणि सारखी फुटतात. नसली तरी पावसाळी हवेत काम होतं. निम्मी वाळू, निम्मं कोकोपीट ओलं करून त्यात फांदी दोन पेरं जाईल एवढी खोचावी आणि भोवतालची माती दाबावी. वरून पाण्याच्या बाटलीचा कापलेला अर्धा भाग पालथा घालावा. सावलीत ठेवावं. माती ओलसर हवी, चिखल नको. तीन-चार आठवड्यांनी नवं पान फुटलेलं दिसलं की मुळं धरली असं समजावं. मग झाकण रोज थोडा वेळ काढून सवय लावावी आणि आठवड्याभराने लाल मातीच्या कुंडीत हलवावं. बियांची अबोली करायची तर बी त्याच वर्षीचं घ्यावं. जुन्या बियांची उगवण झपाट्याने घटते.

आता फुलं माळण्याबद्दल. आजोळी घरातल्या साऱ्या बायकांच्या केसांत अबोली असायची आणि आजोबा गेल्यावर आजीच्या केसांतून ती गेली. रांगेला पाणी तिने घातलं, फुलं तिने खुडली, वळेसर तिने वळले आणि ते लेकीसुनांच्या आणि नातींच्या अंबाड्यांवर, वेण्यांवर चढवले. स्वतः कधी माळलं नाही. आम्ही आग्रह केला तर "माका नको" एवढंच म्हणायची. त्या काळाची आठवण मी कितीही प्रेमाने काढली तरी हे दुखणं मला झाकता येत नाही. २०२२च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा मला पहिली आठवण आजीच्या मोकळ्या अंबाड्याची झाली. आज आमच्या वाफ्यावरून खुडलेला गजरा सोसायटीतल्या सगळ्या बायका माळतात. कोणाचा नवरा आहे, कोणाचा नाही, हे कोणी विचारत नाही. तेव्हापेक्षा आताचं हे चांगलं आहे आणि ते तसंच राहिलं पाहिजे.

तरी माळणाऱ्या कमीच. कापलेले केस, धावपळीची नोकरी, हेल्मेट. अबोली रंग मात्र सगळ्यांना ठाऊक आहे: साडीच्या दुकानात तो मागतात, राज्य सरकारने महिला चालकांच्या रिक्षांना तो दिला. फूल न पाहिलेल्या मुलीही रंग ओळखतात. जांब्यापासून थोड्याच अंतरावर, तळेगावच्या फ्लोरिकल्चर पार्कमध्ये आणि मावळातल्या हरितगृहांत गुलाब पिकतो आणि फेब्रुवारीत परदेशी जातो. त्या गुलाबाने अनेक घरं उभी केली, त्याचं मोल मोठंच आहे. पण तो शेजारणीला मागता येत नाही. अबोलीचं मोल त्या मागता येण्यात आहे.

म्हणून मला काय म्हणायचं आहे ते सरळ सांगते. तेव्हा झाड आपणहून पसरायचं आणि देणं त्याच्या मागोमाग घडायचं. आता क्रम उलटला आहे: आधी आपण द्यायला हवं, तरच झाड पसरेल. बी न धरणाऱ्या जातीला तर आपल्या हाताशिवाय दुसरा आधारच नाही. जागा लहान झाल्या, माती परकी आली, माणसं एकमेकांना अनोळखी झाली. तरी दीड हाताच्या झुडपाला एक कुंडी पुरते, आणि ओळख व्हायला फांदी मागण्याइतकं सोपं निमित्त दुसरं मला सापडलेलं नाही. आमच्या इमारतीत मी जिला पहिली फांदी दिली ती ओडिशाची, जिच्याकडून पिवळी मिळाली ती मंगळूरकडची. दोघींची नावं मला त्याआधी माहीत नव्हती.

येत्या पावसात तुम्हीही लावा. दिल्ली अबोली कुंडीत लावा, ती गजऱ्याला भरपूर फुलं देईल. देशी अबोली जमिनीत लावा आणि तिची वाळलेली कणसं खुडून टाकू नका. ती पुढच्या मृगात रोपं देईल. आणि तयार झालेलं पहिलं रोप आपल्याकडे न ठेवता दुसऱ्याच्या घरी जाऊ द्या. कधी आपलं झाड मेलं, तर त्याच घरी जाऊन ते परत मागता येतं.